ज्याची गाठ, त्यानेच सोडायची

माझं आणि वन्संचं गूळपीठ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर त्या माणसाला आधी माझ्याकडे पाठवा. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून आमचं भांडण सुरू आहे आणि दोघींपैकी एकीलाही ते मिटवायची घाई नाही. पण बंदरात त्यांच्याबद्दल जे बोललं जातं, की म्हातारीला चळ लागला, पाखरांपायी भावाच्या पोटावर पाय आणला, ते मात्र मी ऐकून घेणार नाही. वन्संना नावं ठेवायची असतील तर ती मी ठेवीन. तो मान माझा आहे. बाकीच्यांनी तोंड मिटून आधी काय झालं ते ऐकावं.

वन्सं बंदरात दोर बांधणाऱ्या. जहाज धक्क्याला लागलं की वरून मांडीएवढा जाड दोरखंड खाली येतो. तो धरायचा, ओढायचा आणि धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधायचा. जहाज निघालं की सोडायचा. हे बाईमाणसाचं काम नव्हे असं त्यांना पहिल्या दिवशी ज्याने सुनावलं, तो कधीच निवृत्त होऊन घरी बसला आणि वन्सं त्याच्या मागेही धक्क्यावर टिकून राहिल्या. मनगटं अशी की बांगडी चढवायला जावं तर तडकूनच जाईल. शिवाय डावखुऱ्या. जेवायला शेजारी बसलं की त्यांचं कोपर आपल्या ताटात. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि त्याच धक्क्यावर तेच काम करायला लागले. मी धक्क्याच्या तोंडाशी कँटीन चालवते. म्हणजे आमचं सगळं खानदान त्या खाऱ्या वाऱ्यात वाळत घातलेलं.

आता दोर बांधायच्या नोकरीत दोर बांधणं फार थोडं असतं. जास्त असतं ते वाट बघणं. जहाज येणार म्हणून उन्हात जाऊन उभं राहायचं आणि जहाज येतंय आपलं सवडीने. बाकीचे लोक पत्ते कुटतात, घोरतात, नाहीतर एकमेकांची उणीदुणी काढतात. वन्सं पक्षी बघायला लागल्या. कुठल्याशा जहाजावरच्या म्हाताऱ्या खलाशाने त्यांना आपली जुनी दुर्बीण देऊन टाकली. तिच्या एका नळीत बुरशी, म्हणून एक डोळा मिटून बघावं लागतं. बंदरात त्यांचं नावच 'दुर्बीण' पडलं. तोंडावर कुणी म्हणत नाही. मनगटं सांगितली ना मघाशी.

उन्हाळा हा त्यांचा खास हंगाम. माणसं सावली शोधत असतात तेव्हा ही बाई हेल्मेटखाली ओला फडका घालून अख्ख्या बंदराला फेरी मारणार. लाटा अडवायला टाकलेल्या दगडांवरून सुरुवात, मग मासळीचा धक्का, मग बर्फाच्या कारखान्यामागचा चिखल. पक्ष्यांची खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती अशातला भाग नाही, पण त्यांनी आपली वेगळी ठेवली होती. हात मागे बांधल्यासारखा चिखलात उभा राहणारा राखी बगळा म्हणजे 'मुख्याध्यापक'. टोपलीतली मासळी पळवून वर आरडाओरडा करणारा कुरव म्हणजे 'जावई'. पंख पसरून बसलेले पाणकावळे म्हणजे 'धोबीघाट'.

मी एकदा म्हटलं, "वन्सं, घरात कपड्यांचा डोंगर झालाय. तो धोबीघाट कधी बघणार?"

"तो काय उडून जाणार आहे?" म्हणाल्या, आणि दुर्बीण गळ्यात अडकवून चालत्या झाल्या. अंगाचा तिळपापड होतो की नाही, सांगा.

खरी गोष्ट सुरू होते ती खडीच्या बार्जपासून. थंडीत एकदा मोठं वादळ झालं, तेव्हा एका ठेकेदाराने खडीने भरलेला बार्ज, म्हणजे बिनइंजिनाची सपाट बोट, आमच्या धक्क्याच्या अगदी टोकाला आणून लावला. वादळ गेलं, पाठोपाठ ठेकेदारही गेला. बार्ज तिथेच राहिला. सपाट, गंजका, वर खडीचा ढीग. त्याला कुणी विचारी ना. उन्हाळा लागला आणि एके दिवशी वन्सं तरातरा कँटीनमध्ये आल्या. चेहरा असा फुललेला की मला वाटलं बढती मिळाली.

"अगं, बाळंतपणं निघालीत!"

"अगं बाई! कुणाची?"

"सुरयांची! बार्जवर!"

हातातला कप मी तसाच आपटला. पण मला ओढत नेलंच त्यांनी. सुरय म्हणजे पांढराशुभ्र पक्षी, कबुतरापेक्षा सडपातळ, डोक्यावर काळी टोपी आणि शेपूट मधोमध फाकलेलं. समुद्रावर तरंगत असतो आणि मासा दिसला की दगडासारखा पाण्यात पडतो. हे पक्षी घरटं म्हणून बांधत नाहीत. खडीत जरा खळगा करतात आणि तिथेच अंडी घालतात. चहूकडे पाणी, मांजर नाही, कुत्रा नाही. त्यांना वाटलं, आपल्यासाठीच कुणीतरी बेट आणून ठेवलंय.

मी दुर्बिणीला डोळा लावला. "खडी दिसतेय."

"बघत राहा."

"वन्सं, गॅसवर दूध आहे माझं."

"बघत राहा म्हणते ना."

बघत राहिले. आणि त्या खडीतला एक खडा उठून चालायला लागला. करड्या ठिपक्यांचा, लोकरीच्या गुंड्याएवढा, पाय न आवरणारा. शेजारी दुसरा. पलीकडे एक आई पाण्यावर गेली, पोट भिजवलं, परत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. ऊन असं की लोखंडावर हात ठेववत नव्हता. तिची अंडी भाजू नयेत म्हणून तिचा हा खटाटोप दिवसभर चालला होता.

"तुझ्या कँटीनच्या पंख्यापेक्षा बरी सोय," वन्सं म्हणाल्या.

मी कँटीनमध्ये परतले. दूध उतू गेलं होतं, ते पुसत बसले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर माझी मीच टोकापर्यंत जाऊन आले. हे वन्संना सांगायचं कारण नव्हतं.

त्यांना कळलंच म्हणा. सुरय तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर झेप घेतात, टोचतात, वर शिटतात. मी केस धुऊन बसलेली त्यांनी बघितली आणि नुसतं हसल्या.

मग बंदराच्या साहेबांनी फर्मान काढलं. साहेब नवीन होते. वाईट माणूस नव्हे, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. वरून बडे पाहुणे बंदर बघायला यायचे होते, आणि धक्क्याच्या टोकाला तो गंजका, शिटेने माखलेला बार्ज साहेबांच्या डोळ्यांत खुपत होता. साहेब कँटीनमध्येच सगळ्यांना जमवून म्हणाले, "उद्या सकाळी दोर सोडा आणि बार्ज टगने ओढून क्रेनखाली आणा. मग पंजाने खडी उपसून टाका आणि बार्ज भंगारात न्या. विषय संपला."

टग म्हणजे ओढणारी बोट. तिचा तांडेल, म्हणजे चालवणारा म्हातारा, कोपऱ्यात चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला नाही. वन्सं मात्र उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, वर पिल्लं आहेत. ती उडेपर्यंत थांबा."

"किती दिवस?"

"आता ती काय मला विचारून उडणार आहेत?"

लोक हसले. साहेब नाही हसले. "बाई, हे बंदर आहे. पक्ष्यांचं पाळणाघर नाही."

"अख्खी थंडी तो बार्ज इथे सडत होता, तेव्हा तुमच्या खुर्चीतल्या माणसाने ढुंकून बघितलं नाही. आता पाहुणे येणार म्हटल्यावर चार दिवसांची पिल्लं पंजात घालून चिरडायची? जमणार नाही."

"तुम्हाला जमायची गरज नाही. तुम्ही फक्त दोर सोडा."

"दोर माझा आहे," वन्सं म्हणाल्या. "मी सोडणार नाही."

तिथेच घोडं अडलं. का ते सांगते. आमच्या धक्क्यावर एक रीत आहे. दोर ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. तो नसेल तर त्याला विचारून सोडायचा. हे काही मानापमानाचं खूळ नाही. दोरावर ताण कुठून आहे, कुठला वेढा आधी काढायचा, ते बांधणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. दुसऱ्याने भलताच वेढा काढला की ताणलेला दोर सापासारखा उसळतो आणि पाय घेऊन जातो. मासळीच्या धक्क्यावर एका पायाचा चौकीदार बसतो ना, त्याला विचारा. म्हणून दुसऱ्याच्या दोराला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. कुऱ्हाडीने कापायचा तो फक्त माणूस पाण्यात पडला असेल तर.

साहेबांनी तांडेलाकडे बघितलं. तांडेल म्हणाला, "तिचा दोर असेल आणि ती नाही म्हणत असेल, तर माझी टग तो बार्ज ओढणार नाही."

"मग कापा दोर!"

"दोर जीव वाचवायला कापतात साहेब. जीव घ्यायला नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वन्संना म्हणाले, "उद्या सकाळी दोर सुटला नाही, तर तुम्हाला धक्क्यावरून उचलून गोदामात बसवीन. कायमचं."

गोदाम म्हणजे बंदराच्या मागची पत्र्याची खोली. तिला खिडकी नाही. समुद्र सोडा, आभाळसुद्धा दिसत नाही. वन्संचा सगळा जन्म धक्क्यावर गेलेला. सगळ्यांना वाटलं, आता बाई नरमणार. वन्संनी हेल्मेट घातलं आणि पिल्लं बघायला निघून गेल्या.

संध्याकाळी घरी मी तोंडाचा पट्टा सोडला. "तुमचं काय, तुम्ही हट्ट करून मोकळ्या! साहेबांनी उद्या तुमचा राग यांच्यावर काढला म्हणजे? पाण्यात राहून माशाशी वैर करायला कुणी सांगितलं होतं?"

"त्याचं नाव मध्ये आलंय कुठे?" वन्सं म्हणाल्या. "दोर माझा आहे." आणि हे म्हणताना त्या माझ्याकडे नाही, भावाकडे बघत होत्या. आवाजही उगाच मोठा.

आमचे हे ताटावर बसले होते. घास चिवडत होते नुसते.

"जेवा की नीट."

"हो," म्हणाले, आणि जेवले नाहीत.

आता यांच्याबद्दल सांगायला हवं. बंदरात यांना 'होयबा' म्हणतात. कुणी म्हणालं माझी पाळी कर, हो. कुणी म्हणालं सायकल दे, हो. एकाच दिवशी दोघांच्या मुलांना शिकवणी द्यायला हो म्हणून आले होते. यांना स्वतःला धड हिशेब येत नाही! गरीब गाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताईने लहानपणापासून वाढवलं, कामाला लावलं, लग्न लावून दिलं, आणि प्रत्येक वेळी हे हो म्हणाले. मीसुद्धा यांना पसंत केलं ते या माणसाच्या तोंडी 'नाही' नाही म्हणूनच. संसार करताना त्याचा किती वैताग येतो, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

हात धुताना मला म्हणाले, "ती गाठ..."

"काय गाठ?"

"काही नाही."

मला वाटलं पोट बिघडलं असेल.

सकाळी धक्क्याच्या टोकाला सगळं बंदर लोटलं होतं. क्रेन येऊन उभी, तिचा पंजा आ वासलेला. टगचं इंजिन धडधडतंय. त्या आवाजाने सुरय बिथरलेले, सगळे हवेत, कर्कश ओरडत एकेकाच्या डोक्यावर सूर मारतायत. खाली खडीत पिल्लं निपचित पडलेली. पिल्लांना तेवढंच येतं, खडा होऊन पडून राहायचं. वन्सं खुंट्याच्या बाजूला हाताची घडी घालून उभ्या. मी कँटीन वाऱ्यावर सोडून आलेले.

तांडेल टगवरून धक्क्यावर आला. तांडेल म्हणजे रीतीचा गुलाम. रीत म्हणजे रीत, मग समोर साहेब असो नाहीतर सख्खा भाऊ. तो साहेबांना म्हणाला, "बार्जला हात लावण्याआधी मी गाठ बघतो. नेहमीच बघतो." खुंट्यावर आणि दोरावर उन्हाळाभराच्या शिटेचा जाड पांढरा थर चढला होता, गाठ दिसतच नव्हती. तांडेलाने खिशातला चाकू काढला आणि पाठीच्या बाजूने तो थर खरवडला. मग खाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही डावखुऱ्या."

"मग?"

"तुमच्या गाठीचं शेपूट डावीकडे पडतं. हे उजवीकडे आहे."

वन्संची नजर खाली गेली. मी पहिल्यांदाच बघितलं तसं.

"वादळात तुमचा डावा हात प्लास्टरमध्ये होता," तांडेल म्हणाला. "आता आठवलं मला. तुम्ही बाजूला उभ्या राहून ओरडत होतात आणि बांधत होता होयबा. मी खोटं बोलणार नाही. हा दोर बाईंचा नाही. होयबाचा आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. वन्सं भर कँटीनमध्ये खोटं बोलल्या होत्या. जिने जन्मात तोंडदेखलं 'छान झालंय' असं माझ्या चहाला म्हटलं नाही, ती बाई सगळ्या बंदरासमोर खोटं बोलली. कारण दोर भावाचा आहे असं कळलं, की साहेब भावाला सांगणार, आणि भाऊ हो म्हणणार. तो हो म्हणाल्याशिवाय राहूच शकत नाही हे तिला माहीत. ते ओझं त्याच्यावर पडू नये म्हणून तिने आपल्या अंगावर घेतलं होतं.

साहेब एकदम खुशीत आले. "अरे वा! म्हणजे प्रश्नच मिटला. होयबा, चल, सोड दोर!"

लोक फस्सकन हसले. क्रेनवाल्याने तर यंत्राच्या दांड्यावर हातही ठेवला. होयबाला विचारलंय म्हणजे झालंच की काम. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की झालं, हे आता पुढे होऊन गाठ सोडणार आणि घरी येऊन जेवणार नाहीत.

मी वन्संकडे बघितलं. म्हटलं, आता तरी ओरडा, दम द्या, लहानपणापासून देताय तसा! पण त्यांनी भावाकडे बघितलंही नाही. समुद्राकडे तोंड करून म्हणाल्या, "बाळ, तुझा दोर आहे. तू बघ."

मिशा पिकल्या तरी त्या यांना बाळच म्हणतात.

हे पुढे झाले. खुंट्यापाशी गेले. एक सुरय खाली येऊन यांच्या टाळूवर चोच मारून गेला, रक्ताची बारीक धार कपाळावर आली. यांनी ती पुसली नाही. गाठीकडे बघितलं, बार्जकडे बघितलं. मग वळले आणि त्या खुंट्यावर, त्या शिटेने माखलेल्या गाठीवर, चक्क बसले. स्टुलावर बसतात तसे, गुडघ्यांवर हात ठेवून.

"होयबा, काय चाललंय हे?"

"मी बांधलाय साहेब," हे म्हणाले. "पिल्लं उडाली की सोडीन. आत्ता नाही."

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो."

कुणीतरी मागून विचारलं, "काय म्हणाला?" आणि दुसऱ्याने सांगितलं, "नाही म्हणाला!" हे असं मागे मागे पार क्रेनपर्यंत गेलं.

साहेबांनी धक्क्यावरच्या पेटीतली कुऱ्हाड उचलली. त्यांनाही वरून कुणीतरी दरडावलं असणार, मला ते कळतं. पण कुऱ्हाड घेऊन तीन पावलं आले आणि सुरयांना तो वर उचललेला हात काही पसंत पडला नाही. एकामागून एक असे तुटून पडले की साहेबांचा पांढरा शर्ट जास्तच पांढरा झाला. ते वाकले, हात डोक्यावर घेतले. हे मात्र जागचे हलले नाहीत. यांनाही चोचा बसतच होत्या. तेव्हा वन्सं पुढे आल्या, आपलं हेल्मेट काढून भावाच्या डोक्यावर घातलं आणि स्वतः उघड्या डोक्याने त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मग माझ्याने राहवेना. कँटीनमध्ये गेले, चहाची किटली आणि कप घेतले, पातेलं उपडं करून डोक्यावर घातलं आणि टोकापर्यंत चालत आले. लोक हसले तर हसू देत. यांना कप दिला, वन्संना दिला. तिसरा साहेबांपुढे धरला. "घ्या साहेब. कुऱ्हाड खाली ठेवा आधी, नाहीतर सांडेल."

टगचं इंजिन बंद झालं. तांडेलाने बंद केलं. "त्याचा दोर, त्याची मर्जी," म्हणाला, आणि तोही चहाला आला. मग क्रेनवाला खाली उतरला. साहेब एकटे उरले, हातात कुऱ्हाड आणि खांद्यावर शीट. चहा त्यांनी घेतला नाही, पण कुऱ्हाड पेटीत ठेवली.

पाहुणे आले त्या दिवशी साहेबांनी बार्जपुढे भला मोठा स्वागताचा फलक लावला. पाहुण्यांनी फलक वाचला, फोटो काढले आणि गेले. एवढ्यासाठी सगळं रामायण!

साहेबांनी आपला शब्द मात्र पाळला. खोटं बोलल्याबद्दल वन्संची बदली गोदामात झाली. हुकूम मोडल्याबद्दल यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. 'भावाच्या पोटावर पाय' म्हणतात ते यालाच. मी म्हणते, पोट माझ्या कँटीनवर भरतंय, तुम्ही आपली काळजी करा. वन्सं गोदामात गेल्या त्या ताठ मानेने. मी विचारलं, वाईट वाटतं का? तर म्हणाल्या, "खोटं बोलले, त्याची शिक्षा आहे. परत वेळ आली तर परत बोलेन." रोज दुपारच्या सुट्टीत डबा हातात घेऊन चालत चालतच खायच्या आणि गोदामापासून धक्क्याच्या टोकापर्यंत यायच्या. मी दुर्बीण घेऊन आधीच बसलेली असायचे. जागा धरून ठेवावी लागते, बंदरात हल्ली बघ्यांची गर्दी फार. पिल्लं काठावर येऊन पंख फडफडवायची, घाबरायची, परत खडीत पळायची. एक तर धप्पकन पाण्यात पडलं, तेव्हा क्रेनवाला एवढा मोठा गडी, त्याने डोळेच मिटून घेतले. पिल्लू पोहत पोहत कडेला लागलं.

आणि एक दिवस बार्जवर नुसती खडी उरली. वन्संनी दुर्बिणीतून ती इंचाइंचाने तपासली, मग मला तपासायला लावली. कुठलाच खडा चालत नव्हता. वर आभाळात करड्या पाठीची नवी पोरं आईबापांच्या मागे भीक मागत उडत होती.

"बाळला बोलाव," वन्सं म्हणाल्या.

हे घरून आले. साहेबांना कुणी विचारलं नाही, साहेबही खिडकीतून बघत राहिले. तांडेलाने टग आणली. हे गुडघे टेकून गाठीपाशी बसले. गाठ ऊन, मीठ आणि शीट खाऊन दगड झाली होती. पहिला वेढा निघेना. बोटं सोलवटली. घाम गळायला लागला. वन्सं बाजूला उभ्या, त्यांचा जीव वरखाली होतोय हे मला दिसत होतं. जन्मभर याच्या हातचं काम काढून घेऊन स्वतः केलेलं. शेवटी राहवलं नाही. त्यांनी आपला तो डावा पंजा पुढे केला आणि दोराला घातला.

"सरक, मी काढते."

"नाही," हे म्हणाले.

"अरे, बोटं बघ तुझी..."

"ताई, हात काढ. गाठ माझी आहे."

वन्संनी हात काढला. चटका बसल्यासारखा काढला आणि पदराआड धरला. मला वाटलं आता भडकणार. तर माझ्याकडे वळल्या. डोळे पाण्याने भरलेले, आणि तोंडभर हसू. एवढ्या वर्षांत पिल्लांना बघून हसल्या असतील, आमच्याकडे बघून कधी नाही.

"ऐकलंस का गं?" माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या. "मला नाही म्हणाला! मला!"

"ऐकलं," म्हटलं. "बहिरी नाहीये मी. आणि दंड सोडा माझा, दुखतोय."

पण त्यांनी सोडला नाही, आणि मीही ओढून घेतला नाही.